नातू म्हणतो, ‘सबका अपना-अपना सच होता है’

पत्र : मी ग्वाल्हेरच्या लष्कर या भागात राहतो, वय ७१. नोकरी महालेखाकार कार्यालयात, सगळी ऑडिटमध्ये गेली. घरात मुलगा, सून, इंजिनिअरिंगला असलेला २० वर्षांचा नातू आणि १४ वर्षांची नात. रात्रीच्या जेवणाला टीव्हीवर वेब सिरीज लावायची सवय पडली आहे. सध्याच्या सिरीजचा नायक बनावट गुंतवणूक योजना काढून लोकांना बुडवतो, आणि आमचं अख्खं घर तो पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून घास हातात धरून बसतं. मी ‘हा चोर आहे’ एवढंच म्हटलं. नातू म्हणाला, ‘आबा, जज नका करू ना. सबका अपना-अपना सच होता है.’ मी म्हटलं, आपल्या घरात हे चालत नाही. त्यावर, ‘महाभारतात तरी कोण धुतल्या तांदळासारखा आहे?’ आणि शेवटी, ‘घर नावावर करून घ्यायच्या नामांतरणाला तुम्ही पण पैसे दिलेच होते.’ ते खरं आहे. मी ताटावरून उठलो. योगायोगाने आमच्या मंडळाने गणेशोत्सवात मला ‘मनोरंजनातला नैतिक सापेक्षतावाद’ या विषयावर वीस मिनिटं बोलायला सांगितलं आहे. चौदा पानं लिहिली आहेत, सोबत जोडतो. ती तपासा, नातवाला काय उत्तर द्यावं ते सांगा, आणि नातीसमोर हे सगळं चालतं त्याचं काय करू?
– एक आजोबा, लष्कर

उत्तर : आजोबा, नमस्कार.

तुम्हाला ताटावरून उठवणारं ते शेवटचं वाक्य आधी घेऊ. तुमच्या चौदा पानांत नसलेला सगळ्यात बळकट मुद्दा त्यातच आहे. प्रत्येकाचं सत्य आपापलं असं ज्याला खरोखर वाटतं, त्याला तुमच्या नामांतरणाच्या पैशांचं काही वाटायलाच नको. ते आबांचं सत्य, विषय संपला. तरी नातवाने ते उकरून काढलं, कारण लाच देणं चूक आहे हे त्याला पक्कं ठाऊक आहे, ते तुम्हालाही ठाऊक आहे हेही त्याला ठाऊक आहे, आणि आबांचं बोलणं एक नि वागणं एक हे त्याच्या मनाला लागलं आहे. या तिन्हींत बरोबर-चूक ठासून भरलं आहे. ज्याला तुम्ही सापेक्षतावादी, म्हणजे बरोबर-चूक ज्याचं त्याचं मानणारा, समजता तो तुमच्याइतकाच, किंबहुना तुमच्यापेक्षा कडक नीतिवादी निघाला.

तेव्हा उत्तर असं द्या : ‘हो, दिले होते. चूक होती ती.’ आणि थांबा. पुढे ‘पण’ नको. ‘सगळेच देतात’ आणि ‘त्याशिवाय फाइल सरकतच नव्हती’ ही दोन वाक्यं तर ओठांवर येऊच देऊ नका. तुमच्या टीव्हीवरचा तो नायकही साधारण हेच बोलत असणार. टीव्ही चालू असताना बोलू नका. सकाळी चहाला बोला, आणि मुलगा-सून समोर असताना बोला, कारण तुम्हाला जे ऐकावं लागलं तेही त्यांच्यासमोरच.

चार-सहा दिवस जाऊ द्या. मग सहज विचारा : ‘मी दिले ते चूक, तर याने घेतले ते चूक का नाहीत?’ या वयाची मुलं बहुतेक तीनपैकी एक उत्तर देतात. ‘तुमचं खरं होतं, ही गोष्ट आहे’ हा प्रामाणिक मुद्दा, त्याकडे पुढे येतो. ‘त्याची मजबुरी होती’ असं आलं तर काही बोलू नका. तशी मजबुरी तुमचीही होती हे त्याचं त्यालाच उमगेल. ‘बुडालेले तरी कुठे साधे होते, लोभीच होते’ असं आलं, तर ते वाक्य सिरीजने त्याच्या तोंडी दिलं आहे असं समजा. ते कसं दिलं जातं हेच शोधून काढायचं आहे, आणि त्या कामाला तुमच्याइतका लायक माणूस घरात दुसरा नाही.

आता मजकूर. मेहनत दिसते, पण निशाणा चुकला आहे. तुम्ही तीन वेगळी विधानं एकाच पोत्यात भरलीत. माणसांच्या चालीरीती वेगवेगळ्या असतात, हे पहिलं. चुकणारा का चुकला ते समजून घ्यावं, हे दुसरं. म्हणून बरोबर आणि चूक असं मुळात काही नसतंच, हे तिसरं. पहिली दोन खरीच आहेत, आणि ती नाकारणारा वक्ता श्रोत्यांना हट्टी वाटतो. तिसरं मात्र पहिल्या दोनांतून निघत नाही. परंपरावाद्यांची जी भक्कम टीका आहे ती या तिसऱ्यावरच. तुमची पान ३ ते ६ तर फाटक्या जीन्स, लग्नाआधी एकत्र राहणं, शिव्या आणि मुलींचं रात्री उशिरा घरी येणं यांतच खर्ची पडली. यातल्या एखाद्या गोष्टीवर तुमचं मत ऐकण्यासारखं असेलही. पण ती गोष्ट फसवणुकीच्या शेजारी मांडली की ऐकणारा म्हणतो, आबांना जे आवडत नाही ते सगळं पाप. मग फसवणुकीबद्दलचं तुमचं रास्त म्हणणंही वाया जातं.

हे अमेरिकेत घडून गेलं आहे. तिथल्या चित्रपट उद्योगाने १९३० मध्ये ‘हेज कोड’ म्हणून ओळखली जाणारी नियमावली घेतली आणि १९३४ पासून ती सक्तीने राबवली. तिचं पहिलंच तत्त्व असं की प्रेक्षकाची सहानुभूती गुन्ह्याच्या, दुष्कृत्याच्या बाजूला झुकवू नये. तत्त्व विचार करण्यासारखं आहे. पण त्याच नियमावलीत गोऱ्या आणि काळ्या माणसांचं प्रेम दाखवायला बंदी होती. खून आणि वर्णाबाहेरचं प्रेम एकाच यादीत! १९६८ मध्ये ती जाऊन वयोगटांची पद्धत आली तेव्हा त्या मूर्खपणाबरोबर पहिलं तत्त्वही मोडीत निघालं, आणि त्यासाठी रडायला फारसं कोणी उरलं नव्हतं. पुढे १९९२ मध्ये उपाध्यक्ष डॅन क्वेल यांनी एका विनोदी मालिकेतल्या लग्नाविना आई होणाऱ्या पात्रावर टीका केली. त्यांना बोलायचं होतं घरात बाप असण्याच्या महत्त्वाबद्दल. लोकांनी ऐकला तो एकट्या आयांचा अपमान. तुमचं पान ५ वाचताना तेच होईल. तुमच्या श्रोत्यांतही एकटीने मुलं वाढवणारी कोणीतरी बसलेली असेल.

चालीरीती आणि नीती यांतला फरक ग्वाल्हेरच्या श्रोत्यांना सांगायला तत्त्वज्ञान लागत नाही. गाण्यातला एकच राग आपल्या ग्वाल्हेर घराण्यात एका अंगाने मांडतात, आग्र्याचे दुसऱ्या, किराण्याचे तिसऱ्या. आणि जाणकार तिघांनाही दाद देतो. बेसूर मात्र तिन्हीकडे बेसूरच. ही एक उपमा ठेवा. पानोपानी विखुरलेल्या बाकीच्या सगळ्या काढल्यात तरी चालेल.

‘आपल्या घरात हे चालत नाही’ हे तुमचं वाक्य मात्र भाषणातूनच काय, घरातूनही हद्दपार करा. आमच्याकडे असं, तुमच्याकडे तसं, ही सापेक्षतावादाचीच बोली झाली. परंपरा आहे म्हणून बरोबर असं म्हणणारा आजोबा आणि मला वाटतं म्हणून बरोबर असं म्हणणारा नातू, दोघेही कारण सांगायचं टाळताहेत. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने १९४७ मध्ये मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याबद्दल नेमकी हीच शंका काढली होती : प्रत्येक संस्कृतीची मूल्यं तिची तिची, तर सगळ्यांना लागू होणारे हक्क कुठून आणणार? नाझी राजवट पडून तेव्हा दोनच वर्षं झाली होती. त्याच संघटनेने १९९९ मध्ये मानवी हक्कांच्या बाजूने स्वतःचा जाहीरनामा काढला. सापेक्षतेची भाषा ज्यांनी जगाला शिकवली त्यांनाच ती पुरली नाही, हे नातवाला सांगण्यासारखं आहे. तेव्हा ‘आपल्यात चालत नाही’ऐवजी ‘त्या योजनेत ज्याची आयुष्याची पुंजी गेली त्याच्यावर अन्याय झाला’ असं म्हणा. वाक्य लांबलं, पण त्यात कारण आलं.

पान ८ वरचं ‘पाश्चात्त्य संस्कृतीचं आक्रमण’ही काढा. तुम्ही जी टीका करता आहात तिचे अलीकडच्या काळातले सगळ्यात गाजलेले वकील पाश्चात्त्यच. सत्य सापेक्ष आहे असं जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी मानतो, निदान तसं म्हणतो तरी, ही तक्रार शिकागोचे प्राध्यापक ॲलन ब्लूम यांनी १९८७ मध्ये केली. त्यांचं दुखणं समजून घेण्यासारखं आहे : सगळंच सारखं खरं असेल तर दुसऱ्याकडून शिकायचं कशासाठी? मन मोकळं ठेवायच्या नावाखाली मुलांची जिज्ञासाच मरते, असं त्यांचं म्हणणं. २००५ च्या एप्रिलात पोपपदी निवड होण्याच्या आदल्या दिवशी कार्डिनल रात्सिंगर ‘सापेक्षतावादाची हुकूमशाही’ असे शब्द वापरून बोलले. आणि मागे जायचं तर प्लेटोपर्यंत जा. ‘माणूस हेच सगळ्याचं माप’ असं ग्रीक विचारवंत प्रोटागोरस म्हणाला. प्लेटोने विचारलं, मग प्रोटागोरस चुकला असं ज्यांना वाटतं त्यांचंही बरोबर का? ‘जज नका करू’ला हाच प्रश्न लागतो. जज करू नये हा नियम कोणी केला, आणि तो मोडला म्हणून आबा वाईट कसे? भाषणात यावर दीड मिनिटापेक्षा जास्त घालवू नका. वादात जिंकायला हा मुद्दा छान आहे, पण त्याने कोणाचं मन बदललेलं फारसं दिसत नाही.

मन बदलतं ते प्रत्यक्ष सिरीज उलगडून दाखवली तर. इथे तुमची ऑडिटची नोकरी कामाला येते.

नातवाला जो भाग सगळ्यात आवडला तोच घ्या. दुपारी, घरात कोणी नसताना, एकटे बसा. जेवताना वही काढलीत तर पुन्हा तमाशा होईल. आडवी वही, पाच रकाने : मिनिट, कोणाचं नुकसान झालं, त्या माणसाला नाव आहे का, तो पडद्यावर किती सेकंद बोलतो, आणि लगेच पुढचा प्रसंग कोणता. फोनच्या स्टॉपवॉचवर सेकंद मोजा. पाऊण तासाच्या भागाला थांबत थांबत दोन तास लागतील. आवाज कधी बंद करून पाहायचा तेही सांगतो : नायक फसवणूक पार पाडतो त्या दृश्यात. तिथलं संगीत काढून घेतलं की बऱ्याचदा उरतो तो एका म्हाताऱ्याकडून कागदावर सही घेणारा माणूस, बाकी काही नाही.

काय सापडेल याचा अंदाज देतो, कारण लेखकांच्या युक्त्या ठरलेल्या असतात. बुडालेल्या लोकांना नाव नसतं. ते रांगेत असतात, गर्दीत ओरडतात, किंवा बातमीतला आकडा असतात. ज्या एकदोघांना चेहरा मिळतो ते लालची, माजोरडे किंवा हास्यास्पद दाखवलेले असतात, म्हणजे त्यांचं बुडणं आपल्याला बरं वाटावं. नायकाच्या सगळ्यात हिणकस कृत्यानंतर पाच-सात मिनिटांत त्याचं बालपण येतं : बापाचा अपमान, फी नसल्याने वर्गाबाहेर उभं राहणं. हा क्रम मुद्दाम तपासा, कारण बालपण आधी आलं असतं तर ते कारण वाटलं असतं. कृत्यानंतर आलं की ते माफीनामा होतं. पकडायला येणारा अधिकारी एक तर भ्रष्ट असतो नाही तर रटाळ. नायकाचं कौशल्य, म्हणजे फोनवर आवाज बदलणं, सही उठवणं, माणूस ओळखणं, हे वेगवान गाण्यावर कापून दाखवतात, आणि कौशल्य पाहताना माणूस कशासाठी ते विचारत नाही. शिक्षा असलीच तर शेवटच्या भागाच्या शेवटच्या दहा मिनिटांत, कधी नुसत्या दोन ओळींच्या पाटीवर.

यातली एखाद-दुसरी युक्ती प्रत्येक चांगल्या गोष्टीत असते, त्यावरून कोणाला झोडपू नका. सगळ्या एकाच दिशेला झुकलेल्या असतील तरच हिशेब संशयास्पद. आणि उलटंही होऊ शकतं. तुम्ही बेरीज मांडलीत आणि बुडालेल्यांना नावं आहेत, बोलायला वेळ आहे, नायक हसतो तेव्हा आपल्याला कसंसं होतं, असं निघालं, तर तुमचं पहिलं मत मागे घ्या आणि नातवाला तसं सांगा. गुन्हा दाखवणं म्हणजे गुन्ह्याला होकार देणं नव्हे. ही खबरदारी न घेणारे टीकाकार बरेच आहेत. ट्रेलर पाहून लेख लिहितात.

वही झाली की निष्कर्ष वाचून दाखवू नका. तोच भाग नातवाला त्याच पाच रकान्यांत भरायला सांगा. इंजिनिअरिंगचा मुलगा आहे, मोजणीला नाही म्हणणार नाही. दोन वह्या शेजारी ठेवा. मग एकच काम द्या : हाच भाग त्या बुडालेल्या माणसाच्या घरातून सांग. त्या संध्याकाळी तिथे स्वयंपाक झाला का, मुलीची फी भरायची होती का, बायकोला सांगितलं का. दहा मिनिटं तो बोलेल, आणि सिरीजने न लिहिलेला प्रसंग त्याच्याच तोंडून येईल.

‘ही नुसती गोष्ट आहे’ या आक्षेपाला इथे उत्तर आहे. सिरीज पाहून मुलं चोर होतात असं म्हणू नका. ते सिद्ध करता येत नाही, आणि श्रोत्यांतला पहिलाच तरुण ‘मी तर झालो नाही’ म्हणून तुम्हाला खाली बसवेल. तुमचं म्हणणं त्याहून लहान, पण टिकाऊ ठेवा : कोणाच्या दुःखाकडे पाहायचं आणि कोणाच्या दुःखावरून नजर पुढे न्यायची याची सवय गोष्टी लावतात. आपल्या नाट्यविचारात भट्टनायकाने याला साधारणीकरण म्हटलं. पात्राचा भाव त्याच्या एकट्याचा न राहता प्रेक्षकाचा होतो. भाव जर संक्रमित होत असेल, तर कोणाचा होतो हा प्रश्न क्षुल्लक कसा?

महाभारताबद्दल नातू अर्धा बरोबर आहे. तिथे कोणी धुतल्या तांदळासारखा नाही, आणि हे नाकारायला जाऊ नका. पण युधिष्ठिराचा प्रसंग पुरता सांगा. द्रोणांना तो ‘अश्वत्थामा मेला’ हे मोठ्याने सांगतो आणि ‘हत्ती’ पुटपुटतो. खोटं कृष्णाच्या सल्ल्याने, युद्धाच्या निकडीतून, कारण समजण्यासारखं. तरी त्याच क्षणी, जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ जमिनीला टेकतो. पुढे स्वर्गारोहणपर्वात नरकदर्शनही चुकत नाही. महाभारत निकड सांगतं, सहानुभूती देतं, आणि नोंद खोडत नाही. नातवाला विचारा, तुझ्या सिरीजमध्ये रथ कुठल्या भागात खाली आला?

याहूनही नेमकं उदाहरण हवं असेल तर शूद्रकाचं मृच्छकटिक हे संस्कृत नाटक घ्या. गोष्ट उज्जयिनीतली, म्हणजे आपल्याच प्रदेशातली. त्यातला शर्विलक हा आजच्या सिरीजला साजेसा चोर आहे. हुशार, विनोदी, प्रेमात पडलेला. तिसऱ्या अंकात नायकाच्या, गरिबीत आलेल्या चारुदत्ताच्या, घराला भोक पाडताना तो चौर्यशास्त्रातले आकार मोजतो : उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, स्वस्तिक, पूर्णकुंभ, आणि विटांच्या भिंतीला पूर्णकुंभ शोभेल म्हणून तो निवडतो. मोजायला दोरी नाही, तर जानवं वापरतो. प्रेक्षक हसतात, मोहून जातात. सकाळी खुद्द चारुदत्तसुद्धा ते भोक पाहून कारागिरीला दाद देतो! पण नाटक तिथून चोराच्या मागे पळत सुटत नाही. ते बुडालेल्याच्या घरात थांबतं. चोरीला गेलेले दागिने नायिका वसंतसेनेची ठेव होते. गरीब माणसाकडून ठेव गेली म्हटल्यावर खरं कोणाला वाटणार, या विचाराने चारुदत्त खचतो, आणि त्याची बायको धूता आपली रत्नमाला भरपाईला काढून देते. चौथ्या अंकात शर्विलक ज्या मदनिकेसाठी, वसंतसेनेच्या दासीसाठी, चोरी करतो तीच त्याला झापते आणि दागिने वसंतसेनेकडे पोचते करायला लावते. गोड चोर, कौशल्य, मजबुरी, सगळं आहे. फक्त धूतेची रत्नमाला कापून टाकलेली नाही. भाषणाचा मधला भाग हाच करा. पान ९ ते ११ वर ‘पूर्वीचं साहित्य संस्कारक्षम होतं’ असं नुसतं म्हटलं आहे, त्या जागी हे बसेल.

स्थानिक उदाहरण चंबळचं. ग्वाल्हेर, भिंड, मुरैन्यात बागींच्या, म्हणजे डाकूंच्या, गोष्टी ऐकतच माणसं मोठी होतात, सिनेमेही भरपूर झाले. जमिनीचे तंटे, पोलिसांचा जाच, जातीची दादागिरी ही कारणं बऱ्याच ठिकाणी खरी होती. पण सिनेमात पकड किती वेळा बोलते? खंडणीसाठी बीहडात बांधून ठेवलेल्या त्या माणसाला किती वाक्यं मिळतात? तुमच्या चौथ्या रकान्यात बहुधा शून्य येईल. प्रत्यक्षात काय झालं ते मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९६० मध्ये विनोबा त्या भागात फिरले. १९७२ च्या एप्रिलात जौऱ्याला जयप्रकाश नारायण यांच्यासमोर मोहरसिंग, माधोसिंग आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी हत्यारं ठेवली. कारणं ऐकून घेतली गेली, फाशी होऊ नये अशी तजवीज झाली. तरी खटले चालले, तुरुंगवास झाला. मुंगावलीचा खुला तुरुंग त्यातूनच आला. समजून घेणं आणि चूक म्हणणं एकाच मैदानात, एकाच दिवशी शक्य आहे याला याहून जवळचा पुरावा तुमच्या श्रोत्यांना मिळणार नाही. ज्येष्ठांपैकी कित्येकांना तो काळ आठवत असेल.

वेळेचा हिशेब. पानाला अडीचशे शब्द धरले तर चौदा पानांचे साडेतीन हजार. सावकाश बोलणाऱ्याचे मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे अर्धा तास, वर आरतीची वेळ. दोन हजार शब्दांवर या. ‘आजची पिढी’ हे शब्द कुठेही नकोत. सुरुवात वहीतल्या एका भागाच्या आकड्यांनी करा, त्याला चार मिनिटं, मग तीन विधानांतला फरक आणि घराण्यांची उपमा, तीन मिनिटं, शर्विलकाला सहा, चंबळला चार, उरलेली तीन प्रश्नांना मोकळी ठेवा. सिरीजचं नाव घेऊ नका, नाही तर प्रश्नोत्तरांत सगळी चर्चा ‘तो शेवटी सुटतो की नाही’ यावर जाईल. आणि नामांतरणाचे पैसे स्वतःच सांगून टाकायचे की नाही हे तुमच्यावर, पण सांगायचे असतील तर शेवटी नको, पहिल्या पाच मिनिटांत. शेवटी सांगितलं की टाळ्या मागितल्यासारखं वाटतं. नातवाला मात्र आधी विचारा. त्याचं वाक्य त्याच्या परवानगीशिवाय मंचावर नेऊ नका.

नातीचं. प्लॅटफॉर्मवर २०२१ च्या नियमांपासून वयोगट दिसतात : सर्वांसाठी, ७+, १३+, १६+ आणि फक्त प्रौढांसाठी. थिएटरच्या सिनेमांनाही २०२३ च्या दुरुस्तीनंतर ७, १३, १६ असे टप्पे आले आहेत. नातीची वेगळी प्रोफाइल काढा, तिला १३+ ची मर्यादा घाला, आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा; दोन्ही सेटिंग्जमध्ये मिळतं, दहा मिनिटांचं काम. पण यावर विसंबू नका. वयोगट ठरवताना मुख्यत्वे शिव्या, रक्त, नग्नता, नशा हे पाहतात. सहानुभूती कोणाकडे झुकवली आहे याचा त्यात वेगळा रकाना नाही. एकही शिवी नसलेली, ७+ ची सिरीजसुद्धा फसवणुकीला गोड करू शकते. म्हणून पाच रकान्यांची वही तिलाही शिकवा, तिच्या आवडीच्या कार्टूनवर किंवा रिॲलिटी शोवर. १४ व्या वर्षी ती तुमच्यापेक्षा जास्त पकडेल. जेवताना टीव्ही बंद ठेवायचा की नाही हे सुनेचं क्षेत्र, तिच्याशी एकट्याने बोला आणि ती म्हणेल ते मान्य करा. पिनही तिलाच ठरवू द्या. फक्त तुमच्या जन्मसालाचा नको, तो नातीला पाठ असणार.